रसायनशास्त्राचे ८ क्रेडिट आम्ही का सोडले

जुलै महिन्यातल्या एका संध्याकाळी माझी लेक जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती आणि तिच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तिच्या नावापुढे सात ओळींची एक यादी दिसत होती. रसायनशास्त्र ८, जीवशास्त्र ८, कॅल्क्युलस ८, भौतिकशास्त्र ४, मानसशास्त्र ३, इंग्रजी लेखन ३, अमेरिकेचा इतिहास ६. एकूण ४० क्रेडिट, सगळे हायस्कूलमधल्या एपी परीक्षांतून मिळालेले. पदवीला १२० लागतात, म्हणजे वर्गात पाऊल टाकण्याआधीच एक तृतीयांश पदवी पदरात पडली होती. माझ्या नवऱ्याने मागे उभे राहून ती बेरीज मनातल्या मनात केली, तिला वर्षाच्या फीने गुणले आणि त्याचा चेहरा खुलला. यादीच्या तळाशी बारीक अक्षरांत एक टीप होती: नको असलेले क्रेडिट पहिले सत्र संपण्यापूर्वी लेखी अर्ज करून काढून टाकता येतील. ‘मिळालेले क्रेडिट कोण कशाला काढून टाकेल,’ असे तो म्हणाला. मलाही त्या क्षणी तसेच वाटले होते.

लेकीला डॉक्टर व्हायचे आहे. ती प्रीमेड, म्हणजे पुढे मेडिकलला जाण्याच्या वाटेवरची, नसती तर हा लेख लिहिण्याचे कारणच उरले नसते, कारण इतर बहुतेक मुलांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: क्रेडिट घ्यावे आणि पुढे जावे. प्रीमेड मुलांच्या बाबतीत ते इतके सोपे का नाही, हे समजायला मला दोन महिने लागले. आमच्या ओळखीतल्या निदान चार घरांतून ‘तुम्ही काय केलंत?’ अशी विचारणा झाल्यामुळे तो सगळा हिशेब येथे सविस्तर मांडते आहे.

एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, हे अमेरिकेत मुले वाढवणाऱ्या कोणाला सांगायला नको. आपल्याकडच्या स्नेहसंमेलनांत मुलाचे नाव विचारण्याआधी ‘किती एपी?’ हा प्रश्न येतो. तरी भारतातून वाचणाऱ्या नातेवाइकांसाठी एवढे सांगते की, हे हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे महाविद्यालयीन पातळीचे विषय असून कॉलेज बोर्ड ही संस्था १९५५ पासून हा उपक्रम चालवते. परीक्षा मे महिन्यात होते, गुण १ ते ५ या मापात जुलैमध्ये कळतात आणि त्या गुणांचे काय करायचे हे प्रत्येक विद्यापीठ आपापले ठरवते. ओहायो, इलिनॉय, टेक्सास यांसारख्या राज्यांत ३ गुणांनाही सरकारी विद्यापीठांनी क्रेडिट द्यावे असे नियम आहेत. उलट डार्टमथसारख्या महाविद्यालयाने २०१४ मध्ये दाखल झालेल्या तुकडीपासून पदवीसाठी एपीचे क्रेडिट देणेच बंद केले. तेव्हा ‘५ मिळाले’ या वाक्याला स्वतःचा असा काही भाव नाही. तो समोरच्या दुकानदारावर अवलंबून आहे.

प्रीमेड मुलांना मात्र असे दुकानदार दोन असतात, आणि सगळा घोळ तिथे होतो. पहिले म्हणजे पदवीचे विद्यापीठ, जे आज क्रेडिट देते. दुसरे म्हणजे मेडिकल स्कूल, जे तीन-चार वर्षांनी तोच कागद हातात घेऊन विचारते की, हा विषय तुम्ही नेमका कुठे आणि कोणापाशी शिकलात? पहिल्याने होकार दिला म्हणून दुसऱ्याने द्यावा असे काही बंधन नाही. शिवाय प्रीमेड ही शाखाही नाही आणि पदवीही नाही. ती केवळ एक वाट आहे. मूल इतिहासात पदवी घेऊनही मेडिकलला जाऊ शकते, फक्त ठराविक विषय पूर्ण केलेले असावे लागतात. साधारणपणे एक वर्ष जीवशास्त्र, एक वर्ष सामान्य रसायनशास्त्र, एक वर्ष सेंद्रिय रसायनशास्त्र आणि एक वर्ष भौतिकशास्त्र, ही सगळी प्रयोगशाळेसह; त्यावर जैवरसायनशास्त्राचे एक सत्र, थोडे इंग्रजी आणि थोडे गणित किंवा संख्याशास्त्र.

या यादीचे मूळ फार जुने आहे. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या वैद्यकीय शिक्षणावर जो अहवाल लिहिला, त्यात वैद्यकीय शिक्षणापूर्वी निदान दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण आणि जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र यांचा पाया असावा असे त्यांनी आग्रहाने सांगितले होते. आजची यादी त्याच झाडाची फांदी आहे. २००९ मध्ये असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस आणि हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट यांनी मिळून ‘कोणते विषय घेतले यापेक्षा काय येते ते पाहा’ अशा आशयाचा अहवाल दिला आणि तेव्हापासून काही मेडिकल स्कूलांनी विषयांची सक्ती सैल केली. पण सगळ्यांनी नाही, आणि सारखीही नाही. एकाच राज्यातल्या दोन मेडिकल स्कूलांचे नियम एकमेकांशी जुळत नाहीत, हे मी स्वतः दोन्ही पाने शेजारी शेजारी उघडून पाहिले आहे.

एपीच्या बाबतीत मेडिकल स्कूलांचे ढोबळमानाने तीन स्वभाव दिसतात. काही म्हणतात, तुमच्या विद्यापीठाने क्रेडिट दिले असेल आणि ते ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावर, दिसत असेल, तर आमची हरकत नाही. काही म्हणतात, क्रेडिट घ्या, पण त्याच विषयातला वरच्या पातळीचा अभ्यासक्रम महाविद्यालयात करून दाखवा. उरलेली थोडी म्हणतात की, विज्ञानाच्या आवश्यक विषयांना एपी चालणारच नाही. अठरा वर्षांच्या मुलीला आपण पुढे कुठे अर्ज करणार हे माहीत नसते, आणि अर्ज तर लोक पंधरा-वीस ठिकाणी करतात. त्यामुळे सुरक्षितपणे वागायचे तर दुसरा स्वभाव डोळ्यांपुढे ठेवावा असे माझे मत झाले. वरच्या पातळीचा अभ्यासक्रम केलेला असला की पहिल्या गटाला तक्रार नसते, दुसऱ्याचे समाधान होते आणि तिसऱ्यापैकी काहींशी निदान बोलता येते. प्रत्येक मेडिकल स्कूलचे नियम एमएसएआर या माहितीकोशात आणि त्या त्या स्कूलच्या संकेतस्थळावर मिळतात. ते दरवर्षी बदलू शकतात, म्हणून कोणाच्या मोठ्या बहिणीच्या वेळचा नियम ऐकून निर्णय घेऊ नये.

‘ट्रान्सक्रिप्टवर दिसत असेल तर’ या शब्दांत एक खाच आहे, आणि ती आमच्या लक्षात योगायोगानेच आली. काही विद्यापीठे ट्रान्सक्रिप्टवर एपीचे क्रेडिट विषयवार, अभ्यासक्रमाच्या क्रमांकासह छापतात; काही मात्र ‘एपी: ४० क्रेडिट’ अशी एकच मोघम ओळ टाकून मोकळी होतात. मोघम ओळ असेल तर मेडिकल स्कूलला त्यात रसायनशास्त्र किती आणि इतिहास किती ते कळायला मार्ग नाही. टेक्सासच्या सरकारी मेडिकल स्कूलांसाठी टीएमडीएसएएस नावाची वेगळी अर्जसेवा आहे, आणि तिथे विशिष्ट अभ्यासक्रम व त्याचे क्रेडिट ट्रान्सक्रिप्टवर दिसणे महत्त्वाचे असते. आमच्या नशिबाने लेकीच्या विद्यापीठाची पद्धत विषयवार छापण्याची निघाली. नसती, तर रजिस्ट्रारच्या कार्यालयाला एक पत्र पाठवून आधीच खात्री करून घ्यावी लागली असती.

आता गुणांचा हिशेब. मेडिकलच्या बहुतेक अर्जांची मध्यवर्ती सेवा ॲमकास आहे, आणि ती विद्यापीठाने काढलेला जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, जसाच्या तसा घेत नाही. महाविद्यालयीन पातळीचा प्रत्येक विषय, प्रत्येक ग्रेड आपल्या मापाने पुन्हा मोजते. त्यात ए म्हणजे ४.०, ए-मायनस म्हणजे ३.७, बी-प्लस म्हणजे ३.३. एकूण जीपीएखेरीज जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित या चार विषयांचा वेगळा जीपीए निघतो आणि प्रवेश समित्यांची नजर त्यावर खिळलेली असते. संख्याशास्त्र यात गणित म्हणून धरले जाते, मानसशास्त्र धरले जात नाही. एपीचे क्रेडिट ॲमकासमध्ये नोंदवावे लागते, पण त्याला ग्रेड नसल्याने ते दोन्हींपैकी कोणत्याच जीपीएत मोजले जात नाही. म्हणजे हायस्कूलमध्ये रात्री जागून मिळवलेल्या त्या ५ गुणांचा जीपीएला उपयोग शून्य.

लेकीने सगळे क्रेडिट ठेवले असते, तर विज्ञान आणि गणिताचे २८ क्रेडिट ग्रेडशिवाय गेले असते आणि पहिल्याच सत्रात तिला सेंद्रिय रसायनशास्त्राला बसावे लागले असते. समजा, तिथे तिला बी-प्लस मिळाला. त्या ४ क्रेडिटशिवाय खात्यावर दुसरे काहीच नाही, म्हणून विज्ञानाचा जीपीए ३.३. आता समजा, त्याआधी तिने सामान्य रसायनशास्त्राचे ८ क्रेडिट करून त्यांत ए मिळवला आणि मग सेंद्रियमध्ये तोच बी-प्लस आला, तर सरासरी जवळजवळ ३.७७ होते. मेडिकलला प्रवेश मिळणाऱ्यांचा सरासरी जीपीए अलीकडे ३.८ च्या जवळ घुटमळतो हे लक्षात घेतले, तर या दोन आकड्यांमधले अंतर किती मोठे आहे ते दिसते. अर्थात हा हिशेब उलटाही फिरतो. ‘येतेच की’ म्हणून गाफील राहिलेली मुले सामान्य रसायनशास्त्रातच बी घेऊन बाहेर पडतात, आणि मग ज्या ग्रेडची गरजच नव्हती ती आयुष्यभर मानगुटीवर बसते. हा धोका मी लेकीला जरा जास्तच वेळा ऐकवला असावा. ती नंतर माझे वाक्य मी सुरू करण्याआधीच पूर्ण करू लागली होती.

ओरिएंटेशनच्या दिवशी विद्यापीठाच्या सल्लागारांशी दहा मिनिटांची भेट होती. त्यांनी पडद्यावरचे ४० क्रेडिट पाहिले, अभिनंदन केले आणि तीन वर्षांत पदवी पूर्ण होईल असा एक सुबक आराखडा छापून दिला. पहिल्या सत्रात सेंद्रिय रसायनशास्त्र, जनुकशास्त्र आणि भौतिकशास्त्राचा दुसरा भाग एकदम. लेक प्रीमेड आहे हे त्यांच्यासमोरच्या अर्जावर लिहिलेले होते. तरीही मेडिकलच्या अर्जाचे वेळापत्रक त्या आराखड्यात कुठेच नव्हते. त्या बाईंना दोष देत नाही, दिवसभरात त्यांच्यापुढे अशी कितीतरी मुले येऊन गेली असतील. पण तो कागद आम्ही आठवडाभर फ्रीजवर लावून ठेवला होता, याची आता गंमत वाटते.

वेळापत्रक असे आहे: ॲमकासचा अर्ज मे महिन्यात उघडतो आणि प्रवेश त्याच्या पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात मिळतो. म्हणजे तीन वर्षांत पदवी घेऊन थेट मेडिकलला जायचे असेल, तर दुसरे वर्ष संपताच अर्ज भरायला हवा. त्यासाठी एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा दुसऱ्या वर्षाच्या वसंत ऋतूत किंवा फार तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला द्यायला हवी. २०१५ पासून या परीक्षेचे स्वरूप बदलले असून तिच्यात जैवरसायनशास्त्र, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांचा भरणा आहे. गुण ४७२ ते ५२८ या मापात मिळतात आणि परीक्षा केंद्रावर जवळजवळ अख्खा दिवस जातो. जैवरसायनशास्त्र नीट शिकण्याआधी, संशोधनाचा एकही धड उन्हाळा पदरी नसताना, रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून जेमतेम काही महिने काढून आणि फक्त चार सत्रांच्या ग्रेड दाखवून हा अर्ज भरायचा. पी हळद नि हो गोरी, असा तो प्रकार होता. आज मेडिकलला प्रवेश घेणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांनी पदवीनंतर निदान एक वर्ष मध्ये घेतलेले असते. जिथे लोक एक वर्ष वाढवतात तिथे आम्ही एक वर्ष कापायला निघालो होतो.

नवऱ्याचा मुद्दा पैशांचा होता आणि तो खोटा नव्हता. मेडिकल स्कूलची चार वर्षे पुढे उभी असताना पदवीचे एक वर्ष वाचवणे म्हणजे कर्जाचा डोंगर थोडा तरी कमी करणे. ‘हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागायचं?’ असे तो दोनतीनदा म्हणाला. ज्या घरात वर्षाची फी भरणे खरोखरच अवघड आहे, तिथे हा मुद्दा बाकी सगळ्यांवर मात करू शकतो आणि करावा. आमच्या घरी तशी परिस्थिती नव्हती, म्हणून आम्हाला पर्याय होता. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण या विषयावर सल्ला देणारे बहुतेक लोक ही बाब गृहीत धरून बोलतात.

निर्णय शेवटी झाला तो मात्र हिशेबाच्या कागदावर नव्हे, तर एका उदाहरणावर.

मी स्वतः रसायनशास्त्राची पदवीधर. लेकीने एपी रसायनशास्त्र दहावीत घेतले, तेही माझ्या आग्रहाने. ‘तुला घरी शिकवायला मी आहे, मग लवकर करून टाक,’ असे मी म्हटले होते, आणि तिने मे महिन्यात ५ गुण मिळवून माझा शब्द राखला होता. पण त्यानंतर दोन वर्षे तिने रसायनशास्त्राच्या पुस्तकाला हात लावला नव्हता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिच्या विद्यापीठाच्या सामान्य रसायनशास्त्राची एक जुनी अंतिम परीक्षा आम्हाला मिळाली आणि मी त्यातला एक प्रश्न तिच्यापुढे ठेवला. ०.१० मोलर ॲसिटिक आम्लाच्या ५० मिलिलिटरमध्ये ०.१० मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे २५ मिलिलिटर घातले, तर पीएच किती?

तिने पेन्सिल उचलली, आयनीभवनाचे समीकरण लिहिले, त्याखाली तीन ओळींचा तक्ता आखला, आकारमान ७५ मिलिलिटर झाले म्हणून आम्लाची तीव्रता सुधारून घेतली आणि पान भरून गणित केले. उत्तर आले ३ च्या आसपास. गणितात एकही चूक नव्हती. चूक पहिल्याच पायरीवर होती: अल्कली आम्लाशी आधी अभिक्रिया करते आणि अर्धे आम्ल संपवते, हे तिच्या ध्यानातच आले नाही. ते आले असते, तर गणित करायलाच नको होते. अर्धे आम्ल उरले, अर्ध्याचे ॲसिटेट झाले, दोन्ही समसमान, म्हणजे पीएच त्या आम्लाच्या पीकेएइतका, म्हणजे त्याचा जोर दाखवणाऱ्या ठरलेल्या आकड्याइतका: ४.७६. दहावीतल्या मे महिन्यात तिने हे अर्ध्या मिनिटात सांगितले असते. तेव्हा तिला ते येत होते आणि आता येत नव्हते, एवढेच खरे होते. आणि विद्यापीठाच्या पडद्यावर मात्र त्या दोन्ही लेकी एकच होत्या.

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘आई, हे मला येत होतं गं.’ मी म्हटले, येत होते. मग मी तिला पीएच आणि पीकेए जोडणाऱ्या समीकरणात रक्ताचे आकडे घालून दाखवले. कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट यांच्या जोडीचा पीकेए ६.१, रक्ताचा पीएच ७.४, फरक १.३, म्हणजे बायकार्बोनेटचे प्रमाण वीसपट. श्वास मंदावला की कार्बन डायऑक्साइड साचतो, हे गुणोत्तर ढळते आणि रक्त आम्लतेकडे झुकते. जिला पुढे रुग्णाच्या धमनीतल्या रक्ताचा अहवाल वाचायचा आहे, तिला हे समीकरण परीक्षेपुरते येऊन भागणार नाही, असे काहीसे मी बोलले असेन. तिने माझ्या भाषणाकडे लक्ष दिले की नाही ते सांगता येणार नाही. पण पेन्सिल तिने खाली ठेवली नव्हती.

याचा अर्थ रसायनशास्त्राचे क्रेडिट प्रत्येकाने सोडावे असा अजिबात नाही. तिच्याच खोलीत राहणारी मुलगी बरोबर उलट वाटेने गेली. तिने एपी रसायनशास्त्र बारावीत घेतले होते, म्हणजे परीक्षा होऊन तीनच महिने झालेले; तिच्या शाळेतले शिक्षक प्रयोगांच्या बाबतीत कडक होते आणि तिची प्रयोगांची वही तिने जपून ठेवली होती. एपीच्या रसायनशास्त्रात वर्गाच्या वेळेपैकी निदान एक चतुर्थांश वेळ प्रत्यक्ष प्रयोगांना द्यावा अशी कॉलेज बोर्डाची अपेक्षा असते, पण शाळाशाळांत ती कशी पाळली जाते यात जमीनअस्मानाचा फरक आहे. लेकीच्या शाळेत निम्मे प्रयोग चित्रफितीवर झाले होते. खोलीसोबतीण पहिल्याच सत्रात सेंद्रियला बसली, टिकली, आणि पुढे विश्लेषणात्मक रसायनशास्त्राचा वरचा अभ्यासक्रम घेऊन तिने सुटलेल्या वर्षाची बाजूही सांभाळली. तिने जे केले ते तिच्यासाठी योग्यच होते. दोघींचे गुण सारखे, विद्यापीठ एकच, उद्दिष्ट एकच. फरक फक्त दोन वर्षांचा आणि शाळेच्या प्रयोगशाळेचा.

क्रेडिट सोडण्याविरुद्ध एक आक्षेप मी गंभीरपणे घेते, तो म्हणजे प्रामाणिकपणाचा. जे येते तेच पुन्हा करून सोपा ए मिळवणे ही एक प्रकारची लबाडी आहे, आणि ज्या मुलांनी हायस्कूलमध्ये एपीचे नावही ऐकले नाही त्यांच्याबरोबर एकाच वर्गात बसून त्यांच्याशी स्पर्धा करणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. सामान्य रसायनशास्त्राच्या तीनशे मुलांच्या वर्गात निम्मी मुले आधी एकदा हाच अभ्यास करून आलेली असतील आणि ग्रेड वर्गाच्या सरासरीवर ठरत असेल, तर पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलाचे काय होत असेल? याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. लेकीपुरते एवढेच म्हणता येईल की, तो आम्ल-अल्कलीचा प्रश्न चुकल्यानंतर ‘येते तेच पुन्हा’ हे वर्णन तिला लागू पडत नव्हते.

बाकीच्या विषयांवर आमचा वाद फारसा झाला नाही. कॅल्क्युलसचे क्रेडिट ठेवले. ते पुन्हा करण्यात वेळेचा अपव्यय होता, आणि गणिताची सवय दिसावी म्हणून तिने महाविद्यालयात संख्याशास्त्र घ्यायचे ठरवले, जे संशोधनपर लेख वाचताना कॅल्क्युलसपेक्षा जास्त उपयोगी पडेल. इतिहास आणि मानसशास्त्र ठेवले. इंग्रजीचे ठेवले, पण मेडिकल स्कूलांना महाविद्यालयातले लेखन पाहायचे असते म्हणून भरपूर निबंध लिहावे लागतील असा साहित्याचा एक विषय वेगळा घेतला. जीवशास्त्राचे क्रेडिट ठेवले, ते मात्र विचारपूर्वक: ते तिने अकरावीत केले होते, तिला ते आवडते, आणि त्याच्या जागी ती जनुकशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र प्रयोगशाळेसह करणार होती. म्हणजे ज्या स्कूलांना वरच्या पातळीचा विषय हवा असतो त्यांना तो दिसेल. शिवाय शिफारसपत्राचा प्रश्न आहेच. विज्ञानाच्या प्राध्यापकांची पत्रे अर्जाला लागतात, आणि तीनशेंच्या सभागृहात दहाव्या रांगेत बसणाऱ्या मुलीपेक्षा तिशीच्या वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलीबद्दल प्राध्यापकांना चार ओळी अधिक लिहिता येतात.

भौतिकशास्त्राचे थोडे वेगळे होते. एपी फिजिक्स १ मध्ये मुख्यतः यांत्रिकी येते. विद्युत आणि प्रकाश हे भाग फिजिक्स २ मध्ये असतात, जे तिने केलेच नव्हते. त्यामुळे ४ क्रेडिट ठेवले तरी दुसरे सत्र करावे लागणारच होते. ते क्रेडिट तूर्तास ठेवले आणि वर्षभराचा अभ्यासक्रम तिसऱ्या वर्षी, एमकॅटच्या जवळ, सलग करायचा असे ठरले. त्या विद्यापीठात पहिले सत्र उलटल्यावर तोच विषय पुन्हा घेतला की एपीचे क्रेडिट आपोआप गळते, म्हणून वेगळ्या अर्जाची गरज नव्हती.

रसायनशास्त्राचा अर्ज मात्र तिने सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, वर्गात तीन आठवडे बसून झाल्यावर भरला. मधल्या काळात तिने एकदा फोन करून ‘पहिली दोन प्रकरणं फारच सोपी आहेत, मी चूक करते आहे का?’ असे विचारले होते, आणि मी मोठ्या संयमाने ‘तू ठरव’ एवढेच म्हटले होते. पहिल्या सत्रात तिला ए मिळाला. दुसऱ्या सत्रात ए-मायनस. त्या ए-मायनसचे ३.७ ॲमकासच्या हिशेबात आता कायमचे बसले आहेत, आणि क्रेडिट ठेवले असते तर ते बसलेच नसते, ही आठवण नवरा मला अधूनमधून करून देतो.

एका गोष्टीचा हिशेब मात्र आमच्यापैकी कोणीच आधी केला नव्हता. त्या विद्यापीठात पुढच्या सत्राचे विषय निवडण्याची वेळ पूर्ण झालेल्या क्रेडिटच्या क्रमाने मिळते आणि ३० क्रेडिट झाले की विद्यार्थी दुसऱ्या वर्षाचा धरला जातो. ४० मधून ८ गेले तरी ३२ उरत होते. एप्रिलमध्ये सेंद्रिय रसायनशास्त्राची नोंदणी उघडली, तेव्हा तिच्याबरोबरच्या बऱ्याच मुलींची पाळी यायला अजून दोन दिवस होते. मंगळवारी दुपारच्या प्रयोगशाळेत तीनच जागा शिल्लक होत्या. त्यांतली एक तिने घेतली आणि मला पडद्याचे छायाचित्र पाठवले. खाली काहीच लिहिले नव्हते.